एका मताची शाल

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

चि. शरणम्मा,

अक्षर ओळखून पाकीट फाडून टाकू नकोस. आत काही मागितलेलं नाही आणि घरात कुणी गेलेलंही नाही. तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून पोस्टानं लिहितोय. पत्ता तुझ्या वैनीनं दिला. तुमचं दोघींचं पाच वर्षं फोनवर बोलणं चालू होतं, हे मला परवा कळलं. नवऱ्याला अंधारात ठेवायची तिची कला जुनीच आहे.

नांदेडला वसतिगृहातल्या पोरींच्या पोळ्या लाटतेस म्हणे. हात दुखतात का, असं विचारा म्हणाली. तिला माहीत असताना माझ्याकडून का विचारवून घेते कोण जाणे. तरी विचारतो. दुखतात का?

आता कामाचं. आपले आमदारसाहेब बैलगाडीतून उतरले आणि छत्रीखाली गेले. ज्या छत्रीच्या पक्षाला वीस वर्षं आपल्या चावडीसमोर उभं राहून चोर म्हणत होते, त्यांच्याच व्यासपीठावर गेल्या मंगळवारी गळ्यात गळा घालून फोटो काढला. विकासासाठी गेलो म्हणाले. कुणाच्या, ते विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. आणि छत्रीचा जुना उमेदवार, ज्याच्यापायी तिकडच्या पोरांनी डोकी फोडून घेतली, तो आता बैलगाडीकडून उभा आहे. माणसं तीच, नुसती एकमेकांच्या जागेवर जाऊन बसली. जेवताना टीव्ही लावायचं मी सोडून दिलंय.

परवा गुरुलिंग दुकानात आला. तो आता तालुक्याचा कसलातरी उपाध्यक्ष आहे. म्हणाला, "अण्णा, मागच्या वक्ताला आपल्या गावातून छत्रीला एकच मत पडलं व्हतं. चारशे अकरात एक. ते कुणाचं, हे सगळ्या गावाला ठावं हाय. साहेब म्हणायलेत, त्या माउलीचा सत्कार करायचा. सगळं गाव एकीकडं आन् ती एकटी छत्रीच्या मागं! शाल, साडी, नारळ. पेपरात फोटू देऊ."

याच गुरुलिंगनं निकालाच्या दिवशी तुझं शिवणयंत्र उचलून रस्त्यावर आणून टाकलं होतं. मी त्याला चहा पाजला.

३ तारखेला भाऊबीज आहे आणि ४ तारखेला, सोमवारी, महादेवाच्या देवळात कार्यक्रम आहे. तू आलीस तर गावाचं तोंड बंद होईल आणि तुला पुन्हा आपल्या घरी राहता येईल. पाच वर्षांनी का होईना, तुझी बाजू खरी ठरली असं समज. मागचं उकरून काढण्यात अर्थ नाही.

तुझा अण्णा,
वीरभद्र


२९ ऑक्टोबर, मंगळवार

चि. शरणम्मा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच वाक्यं. ‘शाल मला नको. ज्याचं मत होतं त्याच्या अंगावर घाला.’ ना खुशाली, ना वैनीची चौकशी. उघडं कार्ड टाकलंस, त्यामुळे पोस्टमन व्यंकटनं ते आधी वाचलं आणि माझ्या हातात देताना जरा जास्तच वेळ थांबला.

तुला काय म्हणायचंय ते मला समजलं नाही. गाव जे म्हणतं तेच मी लिहिलं. सगळ्यांनी ताट उचललं होतं, तू एकटीनं उचललं नव्हतं. मग एक मत फुटल्यावर माणसं कुणाकडे बोट दाखवणार? मी काय त्यांचे हात धरणार होतो? नुसता हात लावायचास आणि मनात काय ते ठेवायचंस. पण तुला पहिल्यापासून ताठपणा फार.

ताट आजोबांच्या काळापासून आपल्या दुकानात आहे, ते तुला मी सांगायला नको. बांधाचा वाद असो, चोरीचा आळ असो, त्यात बेल आणि भंडारा ठेवायचा, माणसानं तो उचलून खरं काय ते बोलायचं, आणि विषय तिथेच संपायचा. आपल्या लिंगायतांनी दुसरा हात गळ्यातल्या लिंगावर ठेवायचा. ताट आपल्याकडे का, तर आपल्या दुकानाचं माप कधी कमी भरलं नाही म्हणून. तेच ताट घेऊन मी पाच वर्षांपूर्वी मतांसाठी दारोदार फिरलो. "बैलगाडी सोडून बोट दुसरीकडं जाणार न्हाई," असं म्हणून सगळ्यात आधी मी उचललं, मग गावाकडून उचलून घेतलं. का, तर साहेबांनी शब्द दिला होता, गाव शंभर टक्के द्या, ओढ्यावर पूल देतो. तू मशीनवरून उठलीसुद्धा नाहीस. "मत माझं हाय अण्णा. देवाला मधी कशाला घालायलास?" एवढंच म्हणालीस आणि सुईत दोरा ओवत बसलीस.

मग निकाल आला. चारशे दहा आणि एक. साहेब निवडून आले. पुलाचं विचारायला गेलो तर म्हणाले, "शंभर टक्के कुठं दिलात?" एका मतासाठी पूल गेला. पुढच्या पावसाळ्यात ग्यानोबाच्या सुनेला बाजेवर घालून ओढ्यातून न्यावं लागलं आणि बाळ वाचलं नाही. ग्यानोबा महिनाभर चावडीवर तुझ्या नावानं शिव्या देत होता. मी त्याला चहा पाजत होतो. असल्या वेळी मला चहाच सुचतो.

आता नवीन तमाशा ऐक. ग्यानोबा आणि चार-पाच म्हातारी माणसं अडून बसली आहेत. म्हणतात, "बैलगाडीचा भंडारा उचललाय, तो उतरवल्याबिगर छत्रीला बोट लावणार न्हाई. घरात लेकरंबाळं हायेत." साहेबांना पक्ष बदलायला एक दुपार पुरली, गावाला मात्र देवाची परवानगी पाहिजे. म्हणून सोमवारी आधी जुनी शपथ उतरवायची, मग छत्रीची नवी उचलायची, आणि दोन्हींच्या मध्ये तुझा सत्कार. ताट मी धरायचं. ऐकूनच शिसारी आली मला. तरी हो म्हणालो. का म्हणालो ते विचारू नकोस.

वीरभद्र


३१ ऑक्टोबर, गुरुवार

शरणू,

ते मत माझं होतं.

एवढं लिहून मी उठलो, दुकानात जाऊन दोन गिऱ्हाइकं केली, परत येऊन बघितलं. वाक्य तिथेच होतं. आता पुढचं लिहितो.

मतदानाच्या आदल्या दिवशी बूथ एजंटचे कागद आणायला मी साहेबांच्या घरी गेलो होतो. ओसरीवर बसवलं होतं. आत लातूरचे पाहुणे होते आणि साहेब त्यांना सांगत होते, "पैसे घिऊन लोक फिरत्यात, पण बेलाच्या पानाला भित्यात. मूठभर हळदीत पाच वर्सं निवांत! तो दुकानदार लई कामाचा हाय. त्याला म्हणावं, ताट घासून ठेव, झेडपीला लागंल." सगळे हसले. मी ओसरीवर ऐकत बसलो होतो. मग मला आत बोलावलं, खांद्यावर हात टाकला, आणि मीही हसलो. माझं ते हसणं मला आजही ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी यंत्रासमोर उभा राहिलो आणि बोट छत्रीवर गेलं. छत्रीचं मला कौतुक होतं असं नाही. त्या माणसानं मला कधी पाणीही विचारलं नव्हतं. नुसता राग होता, आणि त्या रागाला जायला दुसरी वाट नव्हती. काचेमागे चिठ्ठी आली, त्यावर छत्री. सात सेकंद दिसते ती. सातही सेकंद मी मागे कुणी उभं आहे का ते बघत होतो. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून सगळ्यात आधी शपथ घेणारा मीच. मर्द असतो तर बाहेर येऊन ताट आपटलं असतं. मी बाहेर येऊन एजंटांच्या टेबलावर बसलो आणि साहेबांकडून आलेली पुरीभाजी खाल्ली.

निकालाच्या दिवशी ‘एक’ ऐकलं तेव्हा आधी वाटलं, पकडला गेलो. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि ती मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. फुटलेलं मत एकच होतं आणि ते माझं होतं. म्हणजे तू बैलगाडीला दिलं होतंस. साहेब तुला कधी आवडला नाही, ताटाला तू हात लावला नाहीस, तरी भावानं गावाला दिलेला शब्द पडू नये म्हणून तू गुपचूप त्यालाच दिलंस. हे मला त्याच घटकेला कळलं होतं, शरणू. कळल्यानंतर तासाभरानं मी देवळाच्या पायरीवर उभं राहून म्हणालो, "आजपासून ती माझी बहीण न्हाई."

नवरा गेल्यावर बारा वर्षं तू आमच्यात राहिलीस. तुझ्या शिवणाच्या पैशांवर माझ्या पोरांच्या शाळेच्या फिया गेल्या. आणि मी तुला एका पिशवीनिशी एसटीत बसू दिलं.

दुकानात बसून मी रोज म्हणतो, या पुढाऱ्यांची किळस आली. गिऱ्हाइकं माना डोलावतात. पण साहेब निदान दिवसाढवळ्या, फोटो काढून फिरला. मी चोरून फिरलो आणि आळ बहिणीवर जाऊ दिला. ग्यानोबाच्या घरचं बाळ गेलं तेव्हाही बोललो नाही. त्याची किळस कुठे थुंकू?

सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. मारतील, दुकान बंद पाडतील, बोलणं टाकतील. टाकू देत. तुझ्या वाट्याला जे आलं तेच माझ्या वाट्याला येईल. तू येऊ नकोस.

वीरभद्र


५ नोव्हेंबर, मंगळवार

शरणू,

मार बसला नाही. त्याच्यापेक्षा वाईट झालं.

देवळासमोर मांडव होता, खुर्च्या होत्या, साहेबांच्या गळ्यात नवं उपरणं होतं. जुन्या उपरण्याची घडी अजून शर्टावर दिसत असावी असं मला उगाच वाटत राहिलं. तुझ्यासाठी आणलेली शाल टेबलावर होती. गुरुलिंग मला दोनदा विचारून गेला, माउली कुठवर आली. मी ताट घेऊन उभा राहिलो आणि माइकवाल्याला म्हणालो, माइक इकडे कर.

सगळं सांगितलं. फुटलेलं मत माझं, शपथ मी मोडली, माझ्या बहिणीनं बैलगाडीलाच दिलं होतं आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला बाहेर काढलं तेव्हा मी गप्प बसलो. ओसरीवर काय ऐकलं तेही सांगितलं, हळदीचं, ताट घासून ठेवायचं.

मला बरं वाटलं. म्हटलं, आता येतोय पहिला दगड.

तेवढ्यात साहेब हसले. उठून आले, माइक घेतला आणि म्हणाले, "बघा गावकऱ्यांनो! ह्या माणसानं पाच वर्सं आधीच वळखलं व्हतं, की त्या पक्षात राम न्हाई. मला कळायच्या आधी याला कळलं! मी त्या वक्ताला चुकीच्या संगतीत व्हतो, काय बोललो आसन तर ती संगत बोलली. गावातला पहिला छत्रीवाला हाच!" आणि तुझी शाल माझ्या अंगावर पडली. माझ्या हातात ताट होतं. ताट खाली टाकता येईना आणि शाल झटकता येईना. फोटोवाला म्हणाला, अण्णा, इकडं बघा.

टाळ्या पडल्या, शरणू. ज्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, त्यांनीच वाजवल्या. ज्या मतासाठी तुझं यंत्र रस्त्यावर पडलं, त्याच मतासाठी माझ्या गळ्यात हार. गुरुलिंग कानाशी येऊन म्हणतो, "आधी सांगायचं न्हाई का अण्णा? आतापस्तोर तुमाला मार्केट कमिटीवर घेतलं आसतं." शपथ मोडली म्हणून एकानं भुवई उचलली नाही. ओसरीवरची गोष्ट तर कुणी ऐकलीच नव्हती जणू. मी खरं बोललो आणि त्यांनी ते प्रचाराला वापरलं. इतकं ओशाळं मला तुला हाकललं तेव्हाही वाटलं नव्हतं. आणि वरून साहेब म्हणाले, या वेळी शंभर टक्के द्या, पूल नक्की.

एकट्या ग्यानोबानं टाळी वाजवली नाही. काठी टेकत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं मारेल. म्हणाला, "त्या लेकीच्या दारात शेण टाकलंय म्या, ह्या हातानं. त्याचं काय करू आता? सांग की." तो निघून गेला. नव्या शपथेला हात न लावता केवळाबाई आणि आणखी दोघी म्हाताऱ्या त्याच्या मागे गेल्या.

मी ताट उचलून दुकानात आणलं आणि म्हटलं, हे आता बाहेर निघणार नाही. कार्यक्रम काही अडला नाही. देवळातल्या पंगतीच्या भांड्यांतलं एक स्टीलचं ताट आणलं आणि सगळ्यांनी त्यात हात घातला.

घरी आलो तर तुझी वैनी दारात. "हे आधी कुणाला सांगितलंत? गावाला का तिला?"

"तिला. गुरुवारीच पत्र टाकलंय."

"मग बरं," म्हणाली. शाल अंगावरून ओढून घेतली आणि वासराखाली अंथरली.

एक गोष्ट राहिली. मतदार यादीत तुझं नाव अजून आहे. अनुक्रमांक २८७. नाव काढायला दोनदा माणसं आली. दोन्ही वेळा मी म्हणालो, कामाला गेली आहे, येणार आहे. पाच वर्षांत तुझ्यासाठी केलेलं हे एवढंच काम, तेही लपून. २० तारखेला मतदान आहे. ये म्हणायचा हक्क मला नाही. गाव तुझंही आहे, एवढं कळवतो.

वीरभद्र


२१ नोव्हेंबर, गुरुवार

शरणू,

काल तू साडेतीनच्या एसटीनं उतरलीस तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर होतो. एजंटपण मी सोडलंय. तू केस पांढरे होऊ दिलेस. माझ्यासमोरून गेलीस, मान वळवली नाहीस, आणि शाळेच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस.

तू बाहेर आलीस तेव्हा गुरुलिंग साडीची पिशवी घेऊन पळत आला. "माउली, कळवायचं की, गाडी धाडली आसती!" तू त्याला जे बोललीस ते आज सकाळपासून सगळ्या गावाच्या तोंडी आहे. "मागच्या वक्ताला माझं मत तुझ्या सायबालाच व्हतं. यंदा कुणाला, ते हुडकत बसा." ग्यानोबा लिंबाखाली बसला होता. तो उठून उभा राहिला, हात जोडले. तू त्याच्याजवळ थांबलीस, काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. चारचौघांत रडताना त्याला मी पहिल्यांदा बघितलं.

मी कुणाला दिलं ते लिहून टाकतो, पुन्हा लपवालपवी नको. सगळ्यात खालचं बटण दाबलं, यांपैकी कुणीच नको म्हणणारं. बैलगाडी नको, छत्री नको, या माणसांकडे बघवत नाही. परवा निकाल लागेल, कुणीतरी गुलाल उधळेल आणि सहा महिन्यांत पुन्हा जागा बदलतील.

बस यायला वेळ होता म्हणून तू घरी आलीस. वैनीनं हात धरून ओढलं तरी उंबरा ओलांडला नाहीस, ओट्यावर बसलीस. वैनीनं तांब्या दिला, तू पाणी प्यायलीस. मी कोपऱ्यात उभा होतो. विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तू मत देऊन भाईर आलास आन् माझ्याकडं बघितलं न्हाईस. तवाच."

"मग गावाला का सांगितलं न्हाईस?"

तू पदरानं तोंड पुसलंस. म्हणालीस, "मला तवा गाव नको व्हतं, अण्णा. भाऊ पायजे व्हता."

मग बसचा हॉर्न वाजला. वैनीनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली होती, ती ओट्यावरच राहिली. मी ती घेऊन स्टँडपर्यंत पळालो, या वयात, सगळ्या गावासमोर. बस वळणावरून गेली होती. संध्याकाळी ती भाकरी मीच खाल्ली.

यादीत नाव तसंच आहे. ठेवायचं का काढायचं, ते तू कळव.

वीरभद्र